घंटेच्या गळ्यातला पायमोजा

"शीथानच्या कामगारांनो, उठा. पहिली पाळी लवकरच सुरू होते आहे. बाहेर धुकं आहे. सायकली सांभाळून चालवा."

हा आवाज थोंग बाओशेंगनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. कारखाना सरकारी होता, सायकलींच्या घंटा बनवायचा, आणि गावभर खांबाखांबांवर कर्णे लावलेले होते. त्या कर्ण्यांतून रोज पहाटे आधी टक टक असा आवाज यायचा आणि मग हा आवाज. यंत्रांच्या खडखडाटात तो असा उतरायचा, जसं तापल्या अंगणात कुणी हलक्या हातानं पाणी शिंपडावं. बाओशेंग त्या आवाजाचा माग काढत काढत एका खोलीपाशी पोचला. आत एक किडकिडीत मुलगी गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. बोलण्याआधी तिनं मायक्रोफोनवर नखानं दोनदा टकटक केलं. तिचं नाव गुइफेन. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं.

मग काळ पालटला. कारखाना खाजगी झाला, कर्णे भंगारात गेले, आणि सायकलींच्या घंटांऐवजी शीथान गाव दारात टांगायच्या, वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्यांच्या घंटा बनवू लागलं. विंडचाइम म्हणतात त्यांना. गुइफेन नळ्या कापायच्या शेडमध्ये गेली, आणि बाओशेंग तपासनीस झाला. चांगल्या कारागिराला तिथे मास्तर म्हणतात, तेव्हा तो 'थोंगमास्तर' झाला. आणि कधी, कसं, ते मास्तरांना नेमकं सांगता येणार नाही, पण त्या गोड आवाजाचा आटत आटत फक्त एक 'हं' उरला.

"गुइफेन, उद्या पाऊस येईल."

"हं."

"गुइफेन, वरच्या मजल्यावरचा माणूस महामूर्ख आहे."

"हं."

बायको प्रत्येक गोष्टीला हो म्हणते असा संसार कुणाला मिळतो? मास्तर सुखी होते. ते सुख अमेरिकेत येईपर्यंत टिकलं.

त्यांची एकुलती एक मुलगी यालान डॉक्टर झाली आणि केंडल ग्रोव्ह नावाच्या गावाजवळच्या इस्पितळात लागली. आईबापांना तिनं उन्हाळ्यापुरतं बोलावून घेतलं, आणि आल्यावर आठवड्याभरातच म्हणाली, "बाबा, मा, आता इथेच राहा. कागदपत्रं पानगळीच्या आत द्यावी लागतील. मला तुमचं उत्तर हवंय."

मास्तरांचं उत्तर विमानतळावरून येतानाच तयार झालं होतं. मोटारीतून मका, मका आणि मका बघत ते जे गप्प झाले ते घराशी पोचल्यावर बोलले: "माणसं कुठे आहेत?"

आता न्यायानं बोलायचं तर माणसं होती. केंडल ग्रोव्हला एक रस्ता होता, धान्याचा उंच मनोरा होता आणि दोन चर्च होती. आधी एकच होतं, पण त्यात काहीतरी बिनसलं, कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि दुसरं बांधलं गेलं. माणसं मोटारीतून जाताना चाकावरचं एक बोट उचलायची. तो नमस्कार. मास्तरांनी पहिल्या दिवशी त्या बोटाच्या दिशेला वर पाहिलं, आभाळात काही दाखवताहेत की काय म्हणून.

शीथानमध्ये शांतता म्हणजे आजारपण. पहाटे समोरच्या गाळ्यात भोकं पाडायचं यंत्र सुरू व्हायचं, त्याच्या पाठोपाठ सोयादूधवाल्याची टेप केलेली आरोळी, मग मालट्रकांचे भोंगे. वरच्या मजल्यावर माजोंगच्या सोंगट्यांचा खळखळाट, आणि संध्याकाळी चौकात पन्नाशीच्या बायकांचा कर्णे लावून नाच. 'जेवलास का?' हे सुद्धा भांडणाच्या पट्टीत विचारावं लागायचं, नाहीतर समोरचा उपाशी राहायचा. आणि इथे? इथे रात्री फ्रिज थांबला की मास्तर दचकून जागे होत. इथले लोक अभिमानानं सांगत की आमच्याकडे उन्हाळ्यात मका वाढतानाचा आवाज ऐकू येतो. मास्तर एक अख्खी दुपार बांधावर उभे राहिले. काही ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं, आपल्याला फसवलं.

"हे गाव नाही, हा दवाखान्यातला वेटिंगचा बाक आहे," ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले. "तुझ्या आईलाही इथे करमत नाही. काय गं?"

"हं," गुइफेनबाई म्हणाल्या.

"असं काय बाबा? मा, तुला आवडतंय ना इथे?" यालाननं विचारलं.

"हं," गुइफेनबाई म्हणाल्या.

एकाच 'हं'वर दोन्ही पक्षांनी आपापला झेंडा रोवला आणि दोघंही निर्धास्त झाले. गुइफेनबाई मात्र जेवण झालं की मागच्या पायरीवर जाऊन बसत, मान एका बाजूला कलती करून, हातात काही नाही, तोंडानं काही नाही. एकदा आपणहून म्हणाल्या, "तो पक्षी तीनदा बोलतो आणि थांबतो." मास्तरांना वाईट वाटलं. बायको पक्षी मोजायला लागली, म्हणजे किती कंटाळली असेल बिचारी.

आता मोज्याकडे येऊ.

केंडल ग्रोव्हमध्ये घरटी एक ओसरी आणि ओसरीगणिक एक विंडचाइम. मास्तरांनी पहिली पाहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माल शीथानचा! अहो, या गावातली सगळी शांतताच शीथानची होती. बागेतले मातीचे बुटके, पक्ष्यांना दाणे घालायची घरकुलं, 'या घरी शांती नांदते' अशा पाट्या, सगळा माल त्या कानठळ्या बसवणाऱ्या गाळ्यांमधून आलेला. शीथान तिकडे ठणाणत होतं म्हणून इकडे हे लोक शांती टांगून बसले होते. मास्तर संध्याकाळी फिरायला निघाले की दारोदारच्या घंटा डोळ्यांनी तपासत जात.

आणि शेजारच्या डोरीनबाईंच्या ओसरीवर त्यांनी ते पाहिलं.

सहा नळ्यांची, मोठ्या आकाराची, उत्तम जातीची घंटा. वरच्या चकतीच्या आत हिरव्या रंगाचा ठिपका. तो ठिपका मास्तरांचा स्वतःचा! तपासून पास केलेल्या मालावर ते करंगळीनं लावायचे, दुसऱ्या कुणाच्या ठिपक्याला तसा आकार यायचा नाही. आणि नळ्यांच्या मधोमध जो लाकडी गोटा हलतो आणि वाजवतो, त्या गोट्याला तपकिरी लोकरीचा पायमोजा घातलेला होता. वर रबरबँड. वारा होता, नळ्या हलत होत्या, आणि आवाज येत होता तो असा, जसं कुणी उशीत तोंड खुपसून खोकावं.

मास्तर रस्त्यावर उभे राहिले ते उभेच. माणसाच्या तोंडात बोळा कोंबलेला पाहिला असता तरी ते इतके संतापले नसते. माणूस निदान हातवारे करतो.

"यालान," ते घरी येऊन म्हणाले, "शेजारणीनं घंटेला मोजा घातलाय."

"माहितेय, बाबा."

"माहितेय? आणि तू गप्प?"

"इथे सगळेच गप्प असतात. तिची घंटा, तिचा मोजा. तुम्ही त्यात पडू नका."

"ठिपका माझा आहे!"

"हं," गुइफेनबाई म्हणाल्या, आणि मास्तरांना घरात एक तरी माणूस आपलं आहे असं वाटलं.

त्यांनी शीथानला फोन लावला. तिकडून त्यांचा जुना सहकारी लाओ छी ('लाओ' म्हणजे जुना, तिकडे जवळच्या माणसाला आडनावाआधी असंच लावतात) यंत्राच्या वर आवाज काढून ओरडला, "काढून फेक! तुझ्या नावाला मोजा घालतात? आज मोजा घातला, उद्या लंगोट घालतील!" सल्ला मनासारखा होता; पण मास्तर विवेकी. त्यांनी एक स्थानिक मतही घ्यायचं ठरवलं.

डोरीनबाईंच्या पलीकडे मर्ल राहायचा. सत्तरीचा, रुंद, गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसून संबंध दिवस घोंघावणारा. गावात आवाज करणारा हा एकच माणूस, म्हणून मास्तरांना तो जवळचा वाटे. मास्तरांचं इंग्रजी निर्यातीपुरतं होतं. तरी त्यांनी मर्लला थांबवलं, मोज्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मर्ल. हे. रिजेक्ट?"

मर्लनं त्या मोज्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. टोपी काढली, घातली. मग म्हणाला, "ते जरा वेगळंच आहे, बाओ." आणि ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला.

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी मास्तरांना कुणी सांगितली नाही. त्या मुलखात 'वेगळंच आहे' हे अत्यंत जहाल वाक्य आहे. घर जळून गेलं, सून पळून गेली, केक करपला, तर तिथला माणूस 'वेगळंच आहे' म्हणतो, आणि ज्याला म्हटलं तो रात्रभर रडतो. मास्तरांना मात्र वाटलं, मर्ल आपल्याशी सहमत आहे.

दुसऱ्या दिवशी डोरीनबाई केस सेट करायला गेल्या. मास्तर स्वैपाकघरातली कात्री खिशात घालून त्यांच्या ओसरीवर चढले. तिथे पिकल्स नावाचा एक गलेलठ्ठ कुत्रा पसरला होता. त्यानं एक डोळा उघडला, पाहुण्याला पास केलं आणि मिटला. मास्तरांनी रबरबँड कापला, मोजा ओढला. गोटा मोकळा झाला.

टिंग.

काय सांगू त्या आवाजाचं! डबक्यात चांदणी पडावी तसा तो पडला. मास्तरांचे डोळे भरून आले. मोजा त्यांनी शहाणपणानं घडी करून पायरीवर ठेवला, चोरी नको म्हणून, आणि ताठ मानेनं घरी आले. त्यांच्यामागे पिकल्स उठला, त्यानं मोजा तोंडात धरला, दोन्ही अंगणं ओलांडली, आणि तो मर्लच्या दारात, पायपुसण्यावर, अगदी मधोमध ठेवून दिला.

त्या मोज्याचा इतिहास असा. अकरा वर्षांपूर्वी मर्लनं डोरीनबाईंना सांगितलं होतं की तुमच्या घंटेचा आवाज जरा वेगळाच आहे. डोरीनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी घंटेला मोजा घातला. ते पाहून मर्ललाही काही बोलवेना. त्यानं आपल्या घंटेला जुना टॉवेल गुंडाळला (मास्तरांना तो वाळत घातलेला वाटला होता). तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. हात मात्र रोज हलवत. अकरा वर्षं मोजा आणि टॉवेल समोरासमोर लोंबत होते आणि त्याला त्या गावात शेजारधर्म म्हणत होते.

आता मर्लला दारात मोजा मिळाला. कानावर टिंग टिंग. त्यानं जे समजायचं ते समजलं: डोरीनबाईंनी आव्हान दिलं. त्यानं टॉवेल सोडला.

मर्लची घंटा उंचीला माणसाएवढी. तिचा घणघणाट सुरू झाला आणि मास्तर भात खाता खाता उठले. आवाजामुळे नव्हे, आवाज त्यांना हवाच होता. सुरामुळे! चौथी नळी खोटी बोलत होती. ते धावत गेले, घंटा उलटी करून पाहिली, आणि कपाळाला हात लावला. दोंगयाओचा माल! शीथानच्या नदीपलीकडचं दोंगयाओ, जिथे नळ्या कोयत्यानं कापतात अशी ख्याती. "रिजेक्ट!" मास्तर गरजले. "मर्ल, रिजेक्ट! मी. रिपेअर. अर्जंट!"

मर्ल गोंधळला, पण पाहुण्याला नाही म्हणायची त्याच्यात ताकद नव्हती, तिथे ती कुणातच नसते. त्यानं गॅरेज उघडून दिलं. आत धार लावायचं विजेचं चाक होतं. मास्तरांनी नळी चाकाला लावली. कर्रर्र आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, धातूच्या धुरळ्याचा वास आला. आल्यापासून पहिल्यांदा मास्तरांना घरी आल्यासारखं वाटलं.

घंटा सुरात आली. मर्लनं ती ऐकली आणि म्हणाला, "वेगळीच आहे." मास्तरांनी लवून आभार मानले.

मर्ल सकाळी कॉफी प्यायला जिथे बसतो तिथे बातमी गेली, की डॉक्टरीणबाईंचे वडील घंटा दुरुस्त करतात. बरोबर काय गेलं, चूक काय गेलं, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून यालानच्या ओसरीवर घंटा येऊ लागल्या. आणणारं माणूस दिसत नसे. तुटक्या, वाकड्या, पक्ष्यांनी घरटी केलेल्या घंटा, आणि प्रत्येकीबरोबर एक झुकिनी, म्हणजे आपल्या दुधीएवढी काकडी. त्या गावात उन्हाळ्यात झुकिनी इतकी होते की लोक मोटारींना कुलपं लावतात, नाहीतर कुणीतरी आत झुकिनी टाकून जातं. मास्तरांना वाटलं, हा मान आहे. ते कामाला लागले.

आता शीथानची शिस्त अशी, की दुरुस्त झालेला माल एक दिवस-रात्र वाऱ्यावर टांगून तपासल्याशिवाय परत द्यायचा नाही. मास्तरांनी अंगणातल्या दोन मेपलच्या झाडांमध्ये लोखंडी दांडी टाकायची ठरवली.

"आधी गावाची परवानगी काढा, बाबा," यालान म्हणाली. "माझी इथे नोकरी आहे."

परवानगीची खिडकी आठवड्यातून एकदा सकाळी उघडते. मागे वांडाबाई. कुत्र्याचा बिल्ला, वाचनालयाचा दंड आणि स्मशानातली जागा, तिन्ही त्यांच्याकडेच. मास्तरांनी फोनवरच्या भाषांतराच्या यंत्रात बोलून आपली योजना सांगितली.

"हे कुंपण आहे का?" वांडाबाईंनी विचारलं.

"नाही."

"पाटी?"

"नाही."

"पक्कं बांधकाम? छप्पर आहे?"

"दांडी आहे."

"कपडे वाळत घालायची?"

मास्तरांना खोटं बोलायचं नव्हतं. पण वांडाबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कपड्यांची असेल तर परवाना लागत नाही. इतर कशाची असेल तर समितीपुढे जाईल. समिती पानगळीनंतर बसेल." मास्तरांनी क्षणभर विचार करून खिशातला हातरुमाल काढून दाखवला. वांडाबाईंनी मान डोलावली. असा तो प्रश्न सनदशीर मार्गानं सुटला.

दांडी लागली. मास्तरांनी तिला डावीकडे रुमाल अडकवला आणि उरलेल्या जागेत गावातल्या सगळ्या घंटा टांगल्या. मग हात मागे बांधून वाऱ्याची वाट पाहत उभे राहिले.

त्या सपाट मुलखात वाऱ्याला अडवायला काहीही नाही. डोंगर नाही, भिंत नाही, मक्याखेरीज कुणी मान हलवणारं नाही. वारा आला तो पाहुण्यासारखा, आणि राहिला जावयासारखा. सगळ्या घंटा एकदम बोलू लागल्या. दिवसा बोलल्या, रात्री बोलल्या. मास्तर अंथरुणात पडून एकेक नळी ओळखत आणि बाळासारखे झोपून जात.

गाव झोपलं नाही.

पण कुणी बोलेल तर शपथ! सकाळी डोळे लाल, चेहरे पिठासारखे, आणि चाकावरचं बोट उचललेलं ते उचललेलंच. "वेगळंच आहे, बाओ," पोस्टमन म्हणाला. "फारच वेगळं," चर्चचा पाद्री म्हणाला. मास्तर लवून लवून आभार मानत होते.

"बाबा," यालान जेवताना म्हणाली, "आज चारजण झोपेच्या गोळ्या मागायला आले."

"हवामान वाईट आहे."

"चौघंही आपल्याच गल्लीतले होते."

"मग गल्ली वाईट आहे. काय गं?"

उत्तर आलं नाही. गुइफेनबाई टेबलावर नव्हत्या. त्या यालानच्या मोटारीत बसल्या होत्या, चारी काचा वर करून, विणत. मास्तर खिडकीतून पाहत म्हणाले, "बघ, तुझ्या आईला मोटारीची केवढी हौस आली आहे. आणि मी तिला तिकडे कधी बसवलं नाही." त्यांना गलबलून आलं.

घाव मात्र वेगळ्याच बाजूनं आला. मास्तरांनी कुंपणापाशी डोरीनबाई आणि मर्ल यांना बोलताना पाहिलं. एकमेकांशी! अकरा वर्षांनी! मास्तरांना आधी धन्य वाटलं. मग दोघांनी एकदमच त्यांच्या अंगणाकडे पाहिलं, एकदमच माना हलवल्या, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की त्या दोघांना बोलायला विषय सापडला आहे आणि तो विषय आपण आहोत. घंटा मोकळी कुणी केली? सूर कुणी लावला? आणि मैत्री झाली ती आपल्या निंदेवर! असलं आभारप्रदर्शन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. टोपी हातात घेऊन, तीनतीनदा माफी मागत. गावात कुणीतरी तक्रार केली आहे, आवाजाची. नाव सांगता येत नाही. गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सुनावणी आहे. सॉरी, बाओ. फारच सॉरी.

"आवाज?" मास्तरांना प्रथम ते खरंच वाटेना. "ह्याला आवाज म्हणतात? यालान, ह्यांना सांग, शीथानमध्ये एका गाळ्यात सकाळी जेवढा आवाज होतो तेवढा ह्यांच्या सात पिढ्यांनी मिळून केला नसेल! मी सूर दिला ह्यांना, सूर! आणि तक्रार करायची तर तोंडावर करा ना! आमच्याकडे पहिल्या टिंगला चारजण बाल्कनीत येऊन माझा उद्धार करून गेले असते, मीही त्यांचा केला असता, आणि संध्याकाळी एकत्र जेवलो असतो. ह्यांना भांडतासुद्धा येत नाही! ह्या गावानं सगळ्याच गोट्यांना मोजे घातलेत!"

"बाबा, घंटा उतरवा. एवढंच हवंय त्यांना."

"माल तपासणीत आहे!"

गुरुवारी हॉल भरला. घडीच्या खुर्च्या, मोठ्या भांड्यात पातळ कॉफी, आणि टेबलावर तऱ्हेतऱ्हेची झुकिनीची बिस्किटं. इतका छोटा हॉल की कुजबूज पोचली असती, पण वांडाबाईंनी स्टँडवर मायक्रोफोन लावला होता, कारण नियम. डोरीनबाई आणि मर्ल शेजारी शेजारी बसले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे न बघता बघितलं.

"दांडी कपड्यांची होती असं नोंदीवर आहे," वांडाबाई म्हणाल्या.

"रुमाल होता," मास्तर म्हणाले.

"ज्यांची तक्रार असेल त्यांनी पुढे यावं."

कुणी उठलं नाही. सगळं गाव आपापले बूट पाहत होतं. मर्लनं टोपी काढली, घातली. कॉफीच्या भांड्याखाली शेगडी टिकटिकत होती तेवढाच काय तो आवाज. तक्रार होती आणि तक्रारदार नव्हता, आणि त्या शांततेनं मास्तरांच्या डोक्यात जे काही महिनाभर साचलं होतं ते उकळून वर आलं. ते मायक्रोफोनपाशी गेले.

"नो रिजेक्ट!" ते इंग्रजीत गरजले. "माल ओके! कोण कंप्लेंट? फेस टू फेस!" मग इंग्रजी संपलं. पुढचं ते आपल्या भाषेत बोलले आणि यालान, लाल झालेल्या चेहऱ्यानं, निम्मंच भाषांतर करत गेली. "आम्ही चाललो. परत चाललो. जिथे माणूस माणसाला शिवी देतो तिथे. मी एकटा म्हणत नाही. माझ्या बायकोलाही हे मुकं गाव सोसत नाही. तिची माझी चाळीस वर्षं एकजूट आहे. विचारा तिला. विचारा!"

सगळ्या खुर्च्या कुरकुरल्या. सगळं गाव गुइफेनबाईंकडे वळलं.

गुइफेनबाई सावकाश उठल्या. विणकाम खुर्चीवर ठेवलं. कुणाच्या तरी हातचा गरम पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांत घेतला, एक घोट प्याल्या, आणि मायक्रोफोनपाशी येऊन त्यावर नखानं दोनदा टकटक केलं.

मास्तर मायक्रोफोनपासून दोन पावलं मागे सरले.

"लाओ थोंग," त्या बोलल्या, आणि तो आवाज! तापल्या अंगणावर पाणी शिंपडणारा, धुक्यात सायकली सांभाळणारा तो आवाज शीथानच्या बोलीत त्या हॉलभर पसरला. एक अक्षर न कळता सगळं गाव सरसावून बसलं. "तक्रार मी केली आहे. वांडाच्या खिडकीवर. फोनमधून बोलून."

वांडाबाईंना तेवढं आपलं नाव कळलं. त्या एकदम कागद चाळू लागल्या.

"तू?" मास्तर म्हणाले.

"मध्ये बोलू नकोस, मग मला समजत नाही. माझा डावा कान गेलेला आहे. नळ्या कापायच्या शेडमध्ये गेला, यालान शाळेतही जात नव्हती तेव्हा. उजवा अर्धा आहे. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेडमधून काढलं असतं, आणि नंतर सांगायचं राहिलं ते राहिलंच. शेडमधल्या आम्ही सगळ्या ओठ बघून बोलायचो. पण तू जेवताना वाडग्यात तोंड घालून बोलतोस, आणि एरवी पाठ करून. शीथानच्या त्या ठणाण्यात तू काय बोलायचास ते मला कधी ऐकूच आलं नाही. म्हणून मी हं म्हणायची."

यालाननं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनी भाषांतर बंद केलं होतं, आणि कुणी मागितलंही नाही.

"इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी," गुइफेनबाई म्हणाल्या, "आपण जेवत होतो. बाहेर काहीच वाजत नव्हतं. आणि मला तुझा आवाज आला. वाडग्यातून. स्पष्ट."

मास्तरांनी तोंड उघडलं. मग आठवण होऊन ते वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले, आणि जन्मात कधी नव्हतं इतक्या हळू विचारलं, "काय ऐकलंस?"

"मीठ कमी आहे, म्हणालास."

"इतक्या वर्षांनी ऐकलं ते हे," गुइफेनबाई म्हणाल्या. "तरी मला बरं वाटलं. मग तू घंटा टांगल्यास आणि तो आवाज परत बुडाला. मला इथेच राहायचंय, लाओ थोंग. बसून वाट बघेन. कधीतरी तू दुसरं काहीतरीही बोलशील."